जनाबाईची दोन बोटं

इंदूरला आमच्या स्नेहलतागंजातल्या घरी बाळाला न्हाऊ घालायला जनाबाई येत. सकाळी आठच्या ठोक्याला येत, हातातलं चांदीचं कडं काढून पदराच्या टोकाला बांधत आणि पाय पसरून न्हाणीत बसत. कडं बाळाला लागू नये म्हणून. त्यांचा नवरा मालोजी हा होळकरांच्या पागेत मोतद्दार होता, घोड्यांची देखभाल करायचा. तो गेल्यावर जनाबाईंनी लोकांची बाळं हाती घेतली. "घोडं काय अन् पोर काय, कुठं दुखतं ते दोघांना सांगता येत नाही," असं त्या म्हणायच्या.

लंगोट हा त्यांचा खास विषय. त्यासाठी नवं कापड त्या घरात येऊ देत नसत, कारण नवं कापड पाणी पीत नाही. माझ्या वडिलांची, अप्पासाहेबांची, धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं त्या फाडायच्या आणि त्रिकोणी घडी घालायच्या. घडीची टोकं बाळाच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यात, करगोट्यात, खोचायची. कापड जांघेत नीट बसलं पाहिजे, पण रुतता कामा नये. आणि पोटापाशी जनाबाईंची दोन बोटं आडवी शिरली पाहिजेत. शिरली नाहीत तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

मध्यभारत राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. माझा भाऊ जयसिंगराव सेक्रेटरिएटात कारकून होता. हे सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला, त्यामुळे फायलींच्या पेट्यांबरोबर दादाही ग्वाल्हेरला गेला होता. त्याच हिवाळ्यात सुलोचनावहिनीला मुलगा झाला. अप्पासाहेब हे होळकरांच्या घोडदळात रिसालदार होते. राज्य विलीन झालं त्या दिवशी त्यांनी फेटा ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि राजवाड्यावरून जाणं सोडलं. सराफ्यात जायचं असलं तरी गल्लीबोळांतून फेरा मारून जायचे. काळी टोपी घालून. आमच्या घराण्यात पैसा नव्हता उरला, पण ताठा सात पिढ्यांना पुरेल एवढा होता.

बारशाला भटजींना उशीर झाला. मुहूर्त टळू नये म्हणून बाळाला पाजायच्या आधीच बाहेर आणलं. अप्पासाहेबांनी चांदीचे मणी ओवलेला करगोटा बांधला आणि वर पागेतली पक्की गाठ मारली. वडीलधाऱ्यांच्या हातची ही गाठ सोडायची नाही, दोरा आपोआप तुटेल तेव्हा तुटेल, अशी आमच्याकडची रीत. बाळाचं नाव प्रताप ठेवलं. नाव ऐकायच्या आतच त्याने भोकाड पसरलं होतं, आणि सगळे म्हणाले, आवाज अगदी रिसालदारांचा आहे.

पुढचे पंधरा दिवस तो आवाज काही थांबेना. दूध प्यायला की दहाव्या मिनिटाला रडायला सुरुवात. लंगोटही रोज गळायला लागला. गळतो म्हणून आई आणखी घट्ट खोचायला लावी, घट्ट खोचला की जांघेशी फट पडे, आणि मग आणखी गळे. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग वहिनीचं दूध जड म्हणून तिची डाळ बंद झाली, नंतर भाजी. वहिनी बिचारी वाळत चालली.

"बाईसाहेब, करगोटा आवळ होऊन राहिलाय," जनाबाई एकदा आईला म्हणाल्या.

"साहेबांच्या हातची गाठ आहे ती," आई म्हणाली. एवढ्यावर विषय संपला.

मग एके दिवशी बाळाच्या पोटावर लाल वळ दिसला. दृष्ट झाली, दूध झालं, आता जनाबाईंचे हात उरले होते. हात जड झाला, उद्यापासून बाई बदलायची, असं आईने ठरवलं. या हाताने बाळाला वळ उठतो अशी बोंब गंजात झाली असती तर जनाबाईंना एकाही घराने उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. चार घरांवर त्यांचं पोट होतं. हे आईला कळत होतं, मलाही कळत होतं.

निरोप सांगायला आईने मलाच पाठवलं. मी मॅट्रिकच्या वर्गातली दीडशहाणी. न्हाणीच्या दारात उभी राहून म्हणाले, "जनाबाई, उद्यापासून येऊ नका. आई म्हणते, तुमचा हात जड झालाय." जनाबाईंनी आपले ओले हात उलटेसुलटे करून पाहिले. मला आजही ते आठवलं की लाज वाटते.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पोट भरलं त्याचं की एकदा लंगोट बांधते, मग जाते."

वहिनीने पाजलं. जनाबाईंनी बाळाला दुपट्यात घेतलं आणि सरळ बैठकीत गेल्या. तिथे अप्पासाहेब पेपर वाचत होते. कामाची बाई बैठकीत गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आई आणि मी मागोमाग दारापर्यंत गेलो आणि तिथेच थबकलो.

"सरकार, एक विचारू का?"

अप्पासाहेबांनी पेपर खाली घेतला. "विचारा."

"पागेत घोड्याचा तंग कसा आवळत होते तुम्ही लोक?"

रिसाल्याचा विषय निघाला की अप्पासाहेबांचं वय दहा वर्षांनी उतरायचं. "घोडा बदमाश असतो, जनाबाई. खोगीर चढवलं की पोट फुगवतो. जरा चालवायचा, श्वास सोडला की मग पट्टा आवळायचा. अन् दोन बोटं शिरली पाहिजेत, नाही तर जखम होते. मालोजीला बिलकुल पक्कं माहीत होतं हे."

"आमचे मालक हेच सांगत. अन् कोणी उपाशी घोड्याचा तंग आवळला, अन् मग तसाच चारा घातला तर?"

"चाबकाने फोडला असता मी त्याला."

जनाबाईंनी बाळ अप्पासाहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि दुपटं बाजूला केलं. "बोटं घालून बघा, सरकार."

पोट दुधाने टम्म झालं होतं. अप्पासाहेबांनी करगोट्याखाली बोट घालून पाहिलं. दोन सोडा, एकाचं नखही शिरेना. मण्यांच्या खाली लाल रेघ उमटली होती. मग ते मला म्हणाले, "मंगला, कात्री आण."

"अहो, तुमच्या हातची गाठ ती," आई दारातून म्हणाली.

"माझ्याच हातची आहे. म्हणून मीच कापतो."

दोरा तुटला. जनाबाईंनी कनवटीतून नवा काळा दोरा काढला, त्यात तेच मणी ओवले आणि बाळाच्या पोटावर आपली दोन बोटं आडवी ठेवली. अप्पासाहेबांनी त्या बोटांवरून गाठ मारली. जनाबाईंनी लंगोट खोचेपर्यंत बाळ झोपलंसुद्धा. मग त्यांनी कडं हातात चढवलं आणि त्या गेल्या. उद्या या, असं कोणीच म्हणालं नाही. आईला लाज वाटली, मला धीर झाला नाही, आणि अप्पासाहेबांना माफी मागायची सवय नव्हती. निरोपाचं आईने त्यांना रात्री सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले, साडेआठ झाले. वहिनी तेलाची वाटी घेऊन बसून होती. तेवढ्यात आत ट्रंकेचं कुलूप वाजलं, आणि अप्पासाहेब फेटा बांधून बाहेर आले. आई चुलीपुढून उठून बघतच राहिली.

"मालगंजला, जनाबाईंकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "मंगला, तूही चल. निरोप तूच दिला होतास ना?"

आम्ही सरळ राजवाड्यावरून गेलो. एका पानवाल्याने हात जोडले, "राम राम रिसालदार साब, बहुत दिनों बाद." अप्पासाहेबांनी उलट नमस्कार केला, पण थांबले नाहीत.

जनाबाई मालगंजातल्या आपल्या खोलीच्या दारात तांदूळ निवडत होत्या. फेटा पाहून त्या सूप बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. अप्पासाहेब म्हणाले, "जनाबाई, उपाशी पोटावर दोरा मी आवळला. बोल तुम्हाला लागला. चुकलं माझं. घरी चला."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मला रडू आलं, आणि माझंही चुकलं म्हणायचं ते रडण्यातच राहून गेलं. जनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फेट्याकडे पाहिलं.

"पोरानं दूध पिलं का?"

"नाही," अप्पासाहेब म्हणाले. "सुलोचना थांबून राहिलीय. आधी अंघोळ, म्हणते."

"म्हणजे पुन्हा उपाशी," जनाबाई कडं काढून पदराला बांधत म्हणाल्या, "अन् तुम्ही फेटा बांधत बसले, सरकार? चला लवकर."

राजवाड्यावरून परत येताना त्या आम्हा दोघांच्या पुढे चालत होत्या.