पंप मात्र रिकामा द्या

कृषी कॉलेजची पोरंपोरी समोर बसली की सुरेखाताईंना एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो तेजश्री नावाच्या मुलीनं विचारला. "मॅडम, शेतीचं रेडिओवर सांगायचं, पेपरात लिहायचं, तर काय यावं लागतं?"

"कुणाच्याही घरी बसून चहा पिता आला पाहिजे," सुरेखाताई म्हणतात, "आणि फवारणीच्या पंपाचं झाकण उघडून वास घेता आला पाहिजे." पोरं खो खो हसतात. हसू देत बापडी! वरवंडला काय झालं होतं ते त्यांना कुठं ठाऊक आहे?

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. सुरेखा तेव्हा ताई झाली नव्हती. न्हावऱ्याच्या बौद्धवस्तीतली पहिली कृषी पदवीधर मुलगी, आणि रेडिओच्या शेती कार्यक्रमात कंत्राटावर लागलेली. आवाज खणखणीत, बोलणं रोखठोक. आई पार्वतीबाई लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची, तेव्हा बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून बरोबरच्या बायांना दटावायची, "गप बसा गं, माझी सुरेखा बोलतीया!"

अशात वरवंडचे हौसराव ऑफिसात येऊन नुसते बरसून गेले. "त्या बाईंनी टोमॅटोच्या करप्यावर औषध सांगितलं, आन् माझा सगळा प्लॉट गेला!" साहेबांनी सुरेखाला बोलावून घेतलं. पुढच्या मंगळवारी रेडिओवर पटेल असा खुलासा गेला पाहिजे, नाहीतर कार्यक्रमाला दुसरा माणूस बघावा लागेल, असं स्पष्ट सांगितलं. सुरेखा घाबरली का? छे! आपण सांगितलेलं औषध बरोबर होतं, याची तिला खात्री होती. तिनं सरळ वरवंडची एसटी धरली.

हौसराव अंगणातच उभे होते. "कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"न्हावऱ्याची. बौद्धवस्तीतली."

हौसराव नुसतं हूं म्हणाले. उन्हातून आलेल्या माणसापुढं साधा पाण्याचा तांब्या आला नाही. सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती भांडायला आली नव्हती, म्हणून मुकाट प्लॉटात शिरली. शेंड्याची पानं सुतळीसारखी पिळवटली होती. हा करपा नव्हे आणि करप्याच्या औषधाचा परिणामही नव्हे. पंपाचं झाकण उघडून तिनं वास घेतला. उसातल्या तणनाशकाचा उग्र दर्प! पण हौसरावांच्या रानात तर ऊसच नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या घरातून हाक आली. हौसरावांची विधवा भावजय, ताईबाई. "उन्हाची आलीस पोरी, ये, घोटभर चहा घे." चहा पिता पिता म्हातारी आपल्या उसाचं सांगू लागली. "गवत लई झालं हुतं. मग भावजींचा पंप आणला, आन् औषध मारलं. परत देताना तळाला थोडं ठिवलं हां मी. शेजाऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं गं?"

सुरेखाच्या हातातला कप तिथंच थांबला. म्हणजे वाटीत जसे दोन लाडू घालून वाटी परत करावी, तसं या माउलीनं पंपात तणनाशक ठेवून पंप परत केला होता! आणि हौसरावांनी आत न बघता त्यावरच करप्याचं औषध ओतलं. आता ताईबाईचं नाव घेतलं, तर आपली नोकरी वाचते. पण ही दोन घरं पुन्हा एकमेकांचं तोंड बघायची नाहीत. आणि नाव नाही घेतलं, तर खुलासा करायचा कसा?

ती उठली आणि हौसरावांना म्हणाली, "आबा, तुमचा पंप उद्या संध्याकाळपर्यंत मला द्या."

दूध घालायला सगळा गाव डेअरीवर येतो. तिथं ओट्यावर तिनं त्याच संध्याकाळी टोमॅटोच्या रोपांचे दोन डबे मांडले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत साधं पाणी घेतलं. एका डब्यावर हौसरावांच्या पंपातून फवारलं, दुसऱ्यावर नव्या कोऱ्या पंपातून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या डब्यातली रोपं माना टाकून पिळवटली होती, दुसऱ्यातली टवटवीत.

"म्हंजी औषधाचा दोष न्हाई, पंपाचा हाय व्हय?" कुणीतरी म्हणालं. लगेच दुसरा, "आबा, पंप कुणी नेला हुता वो?"

किटली घेऊन उभ्या असलेल्या ताईबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणी का नेला असेना!" सुरेखा कडाडली. "तुमच्यातलं कोण पंप धुऊन परत देतं, ते सांगा आधी!" सगळे जमिनीकडं बघायला लागले. हौसरावांनी एकदा भावजयीकडं बघितलं, आणि त्यांनीही मान खाली घातली.

मंगळवारी रेडिओवर सुरेखा एवढंच बोलली, "शेजारणीची वाटी रिकामी देऊ नका, ती आपली रीत आहे. पंप मात्र रिकामा द्या. धुण्याच्या सोड्यानं धुऊन द्या. आणि उसातला पंप टोमॅटोत नेऊच नका." नाव कुणाचंच घेतलं नाही. नोकरी टिकली. पुढं शिरूर-दौंडच्या एसटीत कंडक्टरसुद्धा आवाज ओळखून विचारायला लागले, "पंपवाल्या बाई न्हवं का तुम्ही?"

उन्हाळ्यात हौसराव न्हावऱ्याला आले. नव्या प्लॉटातले टोमॅटो स्टीलच्या डब्यात भरून आणले होते. दारातच उभे राहिले, बसले नाहीत. पार्वतीबाईनं टोमॅटो काढून घेतले, डब्यात दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घातली आणि डबा पुढं केला. "रिकामा कसा देऊ, आबा?"

हौसराव डब्याकडं बघत राहिले. मग ते ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आधी पाणी द्या, वैनी."

तिथंच त्यांनी दोन्ही भाकरी संपवल्या, नळावर जाऊन डबा स्वतः धुतला. पार्वतीबाईनं मात्र तो डबा त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा भरून दिला.