रुचिताचे पाच कपडे

सुनेचं कपाट उघडलं आणि द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. आत मोजून पाच कपडे लटकत होते. एक काळा कुर्ता, एक राखाडी कुर्ता, एक निळा ढगळ ड्रेस, कमरेला इलॅस्टिक असलेली पँट आणि वरून घालायचं एक बिनबटणांचं जाकीट. बाकीचं सगळं बॅगांत कोंबून माळ्यावर गेलं होतं.

"चोरी झाली का गं, रुचिता?"

"नाही आई. मिनिमलिझम."

द्वारकाबाईंना हा एखाद्या तापाचा प्रकार वाटला. केळी आणि सोनचाफ्याच्या वाडीत त्यांचं आयुष्य गेलेलं. गरोदर बाईला जुने सैल गाऊन लागतात आणि ते नात्यातल्या बायकांकडून आपोआप चालत येतात, एवढंच त्यांना ठाऊक. तसे गाऊन आलेही होते. त्यातल्या एकावर मोर होते आणि एकावर हळदीचा डाग. रुचिताने ते हसून घेतले आणि पलंगाखाली सरकवले.

ही अक्कल तिला मोबाइलवरच्या एका बाईने दिली होती. 'पाच कपड्यांत नऊ महिने ऑफिस' असा त्या बाईचा उपदेश. आता, उपदेश करताना ती ज्या कपाटासमोर उभी राहायची ते रुचिताच्या खोलीपेक्षा मोठं होतं, ही गोष्ट वेगळी. पण रुचिताला त्यात साधेपणाचं सुख वगैरे काही नको होतं. तिला पोट लपवायचं होतं.

त्याला कारण होतं. रुचिता राऊत वालीवच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होती. बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना. मालक आत्माराम शेठ. माणूस देवासारखा, असं सगळे म्हणत, आणि शेठही त्याला हरकत घेत नसत. खरेदी प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. विभागाचं काम रुचिता एकहाती ओढत होती, तरी जागा तिच्याच विभागातल्या वेदांतला मिळणार अशी कुजबुज होती. वेदांतला मुलगी झाली तेव्हा शेठनी आपण होऊन त्याचा पगार वाढवला होता, कारण आता जबाबदारी वाढली. त्याच्या आधी सुमेधाला दिवस गेले तेव्हा जबाबदारी तिचीही वाढली होती. पण तिचं टेबल 'विश्रांती मिळावी म्हणून' मागे गोदामाशेजारी हलवलं गेलं, आणि बाळंतपण आटोपून ती परत आली तेव्हा तिच्या खुर्चीत दुसराच कोणी चहा पीत होता. निर्णय गणपतीच्या आधी होणार होता. तोवर पोट दिसलं की संपलं, हे रुचिताला पक्कं माहीत होतं.

म्हणून काळा, राखाडी, निळा. काळा, राखाडी, निळा. वर जाकीट. पोट कोणाला दिसलं नाही. कपडे मात्र सगळ्यांना दिसले.

अकाउंट्समधली ज्युली सगळ्यात आधी अस्वस्थ झाली. ज्युली मनाने सोन्यासारखी, फक्त तिला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय स्वतःचा डबा गोड लागत नसे. रुचिता मॅडम, ज्या दर सणाला नवा कुर्ता घालून यायच्या, त्या आठवड्यात दोनदा तोच कुर्ता घालतात? त्यातच एका कामाच्या दिवशी भर दुपारी, बँकेच्या कामाला बाहेर पडली असताना, तिला माणिकपूरच्या नाक्यावर रुचिताचा नवरा कुशल दिसला. हाफ पँट, दाढी वाढलेली, हातात नारळपाणी. बिचारा सोनोग्राफीसाठी रजा काढून आला होता आणि बायको आत असताना बाहेर उभा होता. पुढच्या महिन्यात पुन्हा तसाच दिसला. ज्युलीने दोन अधिक दोन केले आणि उत्तर काढलं की कुशलची नोकरी गेली.

आठ दिवसांत कारखानाभर झालं. प्यायच्या पाण्याच्या मशीनपाशी रुचिता आली की बोलणं थांबायचं. मग एका दुपारी ज्युलीने तिला कोपऱ्यात घेतलं आणि एक फुगलेली पिशवी हातात दिली.

"लाजायचं नाही, मॅडम. हम सब हैं ना. सगळ्या बायकांनी थोडं थोडं दिलंय."

पिशवीत कुर्ते होते. लाल, पिवळे, जरीचे, टिकल्यांचे. मिनिमलिझमचा असा सत्कार त्या मोबाइलवरच्या बाईच्याही नशिबी आला नसेल. शिवाय सगळे पोटावर घट्ट. रुचिताला हसू आलं, मग संताप आला, आणि ती खरं सांगणार एवढ्यात शेठनी आत बोलावल्याचा निरोप आला.

शेठनी स्वतः खुर्ची पुढे केली, तेव्हाच तिला काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"कळलं मला. बोलू नकोस. पुरुषमाणूस घरी बसला की घरातल्या बाईचं काय होतं, मी पाहिलंय. वेदांतचं काय, त्याची बायको कमावते. खरी गरज तुला आहे. आजपासून खरेदी प्रमुख तू."

रुचिताने तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं काम, वाचवलेला माल, रात्री-अपरात्री घेतलेले फोन, यातलं काहीच शेठच्या बोलण्यात नव्हतं. होता तो एक निकामी नवरा, आणि तोही खोटा. तिला भयंकर अपमान वाटला. पण जागा हवी होती, म्हणून तिने तोंड मिटलं आणि "थँक यू, शेठ" म्हणाली.

गणपती झाले. पोट आता जाकिटाला ऐकेना. तिने जाऊन शेठना सांगितलं. शेठनी आधी डोक्याला हात लावला. "अशा परिस्थितीत? अगं, जरा विचार तरी करायचा." आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "पण छानच की! नवरा घरीच आहे. तो बघेल बाळाला. तू तीन महिन्यांत ये." कायदा किती रजा देतो ते शेठना ठाऊक होतं, म्हणून तर ते कायद्याचं नाव काढत नसत. टेबल हललं नाही, खुर्ची गेली नाही. बाई गरोदर असायला कोणाची ना नव्हती. फक्त नवरा रिकामा हवा होता.

राहिली खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, पूजा होते, सगळ्यांच्या घरची माणसं येतात. शेठनी कुशलला मुद्दाम बोलावलं होतं.

"नोकरी गेलेला म्हणून मिरवायचं? मी?" कुशल बोरिवलीच्या विमा ऑफिसात वरच्या हुद्द्यावर होता. तो चार दिवस फुगून बसला.

"तुझ्या तोंडाचं काय जातंय रे?" द्वारकाबाई म्हणाल्या. "हो म्हणायचं, पेढा खायचा, घरी यायचं."

शेवटी तो आला. शेठनी सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर सोडायचा नाही. नोकरी मिळेल."

 कुशलने रुचिताकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "मिळेल तेव्हा मिळेल, शेठ. तोवर बाळाचं सगळं मी बघणार. दूध, लंगोट, रात्रीची जागरणं, सगळं. हिने बिनधास्त कामावर यावं."

ज्युलीने डोळे पुसले. बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे असं पाहिलं की दोघे-तिघे उगाच यंत्रांना नमस्कार करायला वळले. रुचिताने आपला पेढा त्याच्या हातावर ठेवला. लग्नानंतर इतकं गोड हा माणूस काही बोलला नव्हता.

परतताना रिक्षात तिने त्याचा हात धरला. "मघाशी म्हणालास ते... करशील? निदान काही महिने रजा घेऊन?"

कुशल हसायलाच लागला. "वेडी आहेस का? ते शेठसाठी होतं गं. मला नोकरी आहे ना. आणि आई आहेच की घरात."

रुचिताने हात सोडवून घेतला. शेजारी बसलेल्या त्या इस्त्रीच्या शर्टाकडे ती बघत राहिली. याची नोकरी खरोखरच गेली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.