सहीची रीत

पुलगावात शिवणयंत्रावर एकटीने घर चालवणाऱ्या जयवंताबाईंकडे १९८३ साली बँकेचा वसुलीदार आला. त्यांचे दिवंगत पती अकरा वर्षांपूर्वी एका मित्राच्या छापखान्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. तो मित्र पुढे परागंदा झाला.

“नुसती सही करा वहिनी, रीत आहे,” म्हणत वसुलीदाराने कागद पुढे केला.

बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. ‘हे कर्ज मी फेडीन’ असे त्यात होते. वसुलीची कायदेशीर मुदत संपलेले कर्ज अशा लेखी वचनाने पुन्हा जिवंत होते, हे ओळखीच्या वकिलांनी त्यांना आधीच बजावले होते.

“मेलेल्या कर्जाले उठवाले मले काऊन लावता, भाऊ? चहा घ्या. सही नाई भेटणार.”

“मग मशीन उचलून नेऊ?”

“कोर्टाचा हुकूम आणजा. मग मीच उचलू लागीन.”

त्याने कागदाची घडी केली. चहा मात्र घेतला.