पाण्याच्या दिवशी येणारा ताप

रहाटणीत आमच्या खोलीला नळाचं पाणी दिवसाआड येतं, दुपारी. त्या वर्षी मला सातवा महिना लागला होता. पाणी भरून झालं की मला हीव भरायचं. दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजायचे. मग ताप, मग घाम. दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. पुन्हा पाण्याचा दिवस आला की पुन्हा हीव.

थोरल्या जाऊबाई हसायच्या. "नळाचा आवाज आला की हिला थंडी वाजते बघा! कामचोर कुठली!"

माझे मालक चाकणला कंपनीत आहेत. तेही शिफ्टवरून आल्यावर म्हणाले, "ओल्यात राबू नकोस." मलाही तेच खरं वाटलं. पाणी दिवसाआड, ताप दिवसाआड. जाऊबाई बोलायला फटकळ, पण मनाने वाईट नाहीत. त्यांनी माझ्या हातातला हंडा काढून घेतला. मी पाण्याला शिवलेही नाही, तरी त्या दुपारी हीव आलंच. तेव्हा कळायला हवं होतं.

एकदा सरकारी दवाखान्याचा माणूस दारात आला. "घरात कुणाला ताप?" बाहेर ओट्यावर शेजारचे पुरुष बसलेले. एवढं पोट घेऊन त्यांच्यापुढे जायचं, बोट टोचून घ्यायचं, मला लाज वाटली. आणि तो दिवस बिनतापाचा होता. मी आतूनच म्हणाले, "कुणाला नाही."

आठ दिवसांनी पोटातलं हलणं थांबलं. मोठ्या दवाखान्यात नेलं तर रक्तात मलेरिया निघाला. बाळ गेलं होतं.

रक्त तपासणाऱ्या बाई माझ्या खाटेवर बसल्या. मी चौथी शिकलेली, पण त्यांनी सांगितलेलं सगळं समजलं. "तो जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो. आतलं खातो, एकाचे पुष्कळ होतात. याला दोन दिवस लागतात. मग पेशी फोडून सगळे बाहेर पडतात आणि नव्या पेशींत शिरतात. फोडतात तेव्हा हीव येतं."

"आणि मधल्या दिवशी?"

"मधल्या दिवशी ते आत वाढत असतात."

मधल्या दिवशी अंगात बळ असायचं. भाकरी झाल्या की मी भिंतीला टेकून बसायचे, पोटावर हात ठेवून सांगायचे, आज आईला काही झालं नाही बघ. बाळही त्या दिवशी जास्त हलायचं.