अळणावर स्टेशनावरचा डबा

आमचे यशवंतराव हुबळीच्या बाजारात भांडी विकतात आणि कुणीही बोलावलं की एकच उत्तर देतात, दुकान सोडून हलता येत नाही. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, उत्तर ठरलेलं. माझं बॅगा-छत्र्यांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागूनच आहे, त्यामुळे हे वाक्य मला पाठ झालंय. ते अगदी खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण त्यात निम्मा आळस होता. हा माणूस आपल्याच गावातलं उणकल तळं बघायलाही कधी गेला नव्हता.

हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते सरस्वतीअक्कानं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, अळणावरजवळच्या एका खेड्यात दिलेली. घरची भातशेती, दोन म्हशी, आणि दरवर्षी गावच्या जत्रेआधी भावाला न चुकता फोन. यशवंतराव दरवर्षी न चुकता नाही म्हणायचे.

तरी बहीणभावाची गाठ पडत असे, ती रेल्वेच्या कृपेनं. मालासाठी मिरजेला निघाले की ते अक्काला कळवायचे, आणि अक्का डबा घेऊन अळणावरच्या प्लॅटफॉर्मवर हजर असायची. आमच्याकडे ही रीतच आहे. आपलं माणूस गाडीनं आपल्या गावावरून जाणार असेल, तर त्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही. खिडकीतून भरलेला डबा आत, मागच्या वेळचा रिकामा डबा बाहेर. भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाची चटणी. "बरा हायस न्हवं, तम्मा?" एवढं धाकट्या भावाला विचारून होईतो गाडी हलायची. डबाही यशवंतरावांच्याच दुकानातला, जाड पितळी कडीचा. पुढे माल ट्रान्सपोर्टनं येऊ लागला, मिरजेच्या फेऱ्या थांबल्या आणि ही भेटही बंद पडली.

यंदा त्यांचा मुलगा अनिकेत पुण्याहून आला आणि आईवडिलांना ऐषारामी रेल्वेगाडीनं फिरायला पाठवतो म्हणून हट्टाला पेटला. हॉटेलासारखी खोली, गालिचा, दाराशी माणूस, असली ती गाडी. दोन गाड्यांची रंगीत पत्रकं त्यानं आईच्या हातात दिली. एक राजस्थानात जाणारी, दुसरी बेंगळूरहून निघून हंपी-बदामी करत गोव्याला जाणारी. मथुरावहिनींनी दुसरीवर बोट ठेवलं. हंपी एवढी हाकेच्या अंतरावर आणि जन्मात बघितली नाही, म्हणाल्या.

यशवंतरावांनी मात्र राजस्थानच धरून ठेवलं. माझ्या दुकानात येऊन किल्ले काय, वाळवंट काय, सांगत बसले. मला हसू आवरेना. शेवटी मी विचारलं, खरं काय ते बोला. तेव्हा ते माझ्यापुढच्या बॅगेची चेन उगाच वरखाली करत बोलले.

"बाबूअण्णा, ती गाडी गोव्याला जाताना अळणावरवरनं जाते. जत्रेला एक दिवस मिळत नाही आणि चैनीला आठवडा मिळतो, हे अक्काला कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, त्याच तोंडानं सांगा, फोन लावा आत्ता. ते त्यांना आवडलं नाही. तरातरा निघून गेले आणि दोन दिवस चहाला हाक मारली नाही.

घरात शेवटी वहिनींचंच चाललं. गुडघे धरलेत, आता नाही तर कधी, असं त्या म्हणाल्यावर यशवंतराव कबूल झाले. अक्काला मात्र कळवायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. बॅग माझ्याकडूनच घेतली, तीसुद्धा संध्याकाळी, दुकानदारांची नजर चुकवून. घेताना चेहरा असा की विकत नव्हे, चोरून नेतायत.

पुढचं सगळं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. सकाळी माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसले. मी हौसेनं हंपी कशी होती विचारलं, तर हंपीबद्दल चकार शब्द नाही.

वहिनींनी अट मोडली होती. नणंदेच्या दारावरून जायचं आणि तिला सांगायचं नाही, हे त्यांना पटेना. अळणावर यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याच्या नकळत अक्काला फोन करून उद्या सकाळी या गाडीनं येतो एवढंच सांगितलं, कुठून बसलो ते नाही, आणि सकाळी गाडीच्या दारात उभं राहायचं ठरवलं. पण फिरून फिरून पाय सुजलेले, रात्रभर झोप नाही, आणि नेमका सकाळी डोळा लागला. यशवंतराव एकटेच जेवणाच्या बोगीत नाश्त्याला बसले. मांडीवर पांढराशुभ्र रुमाल, पुढ्यात कापलेली फळं, आम्लेट.

अळणावरला ती गाडी थांबत नाही. पण त्या दिवशी मालगाडी पुढे काढायची होती म्हणून थांबली. आणि प्लॅटफॉर्मवर अक्का उभी होती. ठेवणीतलं लुगडं, हातात तोच पितळी कडीचा डबा.

गाडीच्या काचा काळ्या. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही, आतल्याला मात्र सगळं दिसतं. अक्का एकेका खिडकीशी जायची, कपाळावर हात आडवा धरून आत बघायची आणि पुढच्या खिडकीकडे सरकायची. अशी ती यशवंतरावांच्या काचेपाशी आली. नाक काचेला टेकलं. मध्ये वीतभर अंतर. दार चार पावलांवर होतं, तिथल्या माणसाला सांगितलं असतं तर त्यानं उघडलंही असतं. हे उठले नाहीत. रुमाल मांडीवर धरून बसून राहिले. लाज वाटली, म्हणाले. तिची नव्हे, माझी मलाच. गाडी हलली तेव्हा अक्का पुढच्या खिडकीशी पोचली होती.

जाग आल्यावर वहिनींनी विचारलं, अक्का आल्या होत्या का? यशवंतरावांनी ठोकून दिलं, गाडी थांबलीच नाही. वहिनींनी फोन लावला, तर अक्काच्या मुलाचा फोन बंद होता.

एवढं ऐकल्यावर माझं डोकं फिरलं होतं. चांगलं सुनवावं म्हणून तोंड उघडलं, तोच त्यांचा फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवरच घेतात. अक्काचीच हाक आली.

"तम्मा, दुकानातच हायस न्हवं? मला वाटलंच. मथुरा येतो म्हणाली, मी गाडी सगळी शोधली, कोण दिसलं न्हाई. तवाच वळकलं, ऐनवेळी दुकान आड आलं असंल. डबा तिथल्या हमालाला दिला, जेवला बिचारा. आता जत्रंला ये म्हणून मी तुझ्या मागं लागणार न्हाई. तुला खरंच हलता येत न्हाई, उगंच राग धरून बसले मी."

यशवंतरावांनी माझ्याकडे बघितलं. मी काही मदत करणार नव्हतो. हो म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता, आणि जत्रेचं बोलावणंही कायमचं मिटलं असतं.

"अक्का," ते म्हणाले, "मी गाडीत होतो. तू काचेला नाक लावलंस, तिथंच आत बसलो होतो. मी उठलो नाही."

पलीकडे म्हैस हंबरली.

"तिथं जेवायला देत हुते न्हवं?" तिनं विचारलं. "उपाशी न्हवतास न्हवं तू?"

यशवंतरावांनी फोन तोंडाजवळ नेला. माझ्या दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, मी त्याला नंतर ये म्हणून सांगितलं.