मोहाची तीन टोपल्या फुलं

टप्... टप्... टप्. पहाटेच्या शांततेत मोहाची फुलं जमिनीवर पडतात, तो आवाज. इतकी वर्षं झाली, अजून कानात आहे...

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातली. धानोऱ्याजवळच्या एका गावात वडील शाळामास्तर होते आणि मी नागपूरला वकिली शिकत होतो. परीक्षेच्या अभ्यासाला घरी आलो होतो... हातात टॉर्टचं पुस्तक, तोंडात शाळेतल्या कविता.

टॉर्ट म्हणजे दुसऱ्याशी केलेलं असं वावगं, ज्याला तुरुंग नसतो, भरपाई असते. त्यातल्या हेतूच्या प्रकारात माणसाने काही कृती केलेली हवी, ती हेतूने केलेली हवी आणि तिच्यामुळे दुसऱ्याच्या हक्काला धक्का लागलेला हवा... घोकून घोकून पाठ केलं होतं.

गावाबाहेर एका मोहाखालचा पाला जाळून कुणीतरी जमीन लख्ख केली होती. मला वाटलं, जंगलच ते, कुणाचं असणार? तीन पहाटे रोज टोपलीभर फुलं वेचली आणि आमच्या गाईला घातली. गाय खूश, मी खूश... एक कविताही झाली.

चौथ्या दिवशी गाव पाटलांच्या अंगणात जमलं. जो पाला जाळतो, त्याच्या घरचं झाड, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. ते झाड सोमीबाईचं, एकट्या विधवेचं. तीन दिवस तिची फुलं कुणीतरी नेत होतं आणि तिचा संशय शेजारच्या दसरूवर, कारण कुंपणावरून त्यांचं जुनं भांडण.

दसरूच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. बापावर चोरीचा शिक्का बसला असता, तर ती मोडलीच असती. तो शपथा घेत होता... कुणी ऐकत नव्हतं.

वडिलांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, कबूल केलं. पण वकिली ऐट होतीच... म्हटलं, झाड कुणाचं आहे हे ठाऊक नव्हतं, चोरायचं मनात नव्हतं, म्हणजे हेतूच नव्हता.

म्हाताऱ्या पाटलांनी विडी बाजूला ठेवली. "बाबू, फुलं झोपेत उचलली का?"

नाही म्हणालो.

"कोनं हात धरून उचलाले लावलं?"

तेही नाही.

"मंग उचलाचं तुह्याच मनात होतं. झाड कोनाचं ते ठाऊक नव्हतं, ते अलग. सोमीबाईची टोपली तं तुह्यानंच रिकामी रायली ना? चोर नाई तू. पन भरून द्या लागन."

टॉर्टचं अख्खं प्रकरण त्या माणसाने पुस्तकाशिवाय सांगितलं होतं. वाईट हेतू आणि नुसता हेतू यांतला फरक मला नागपुरात कळला नव्हता, तो त्या अंगणात कळला.

"गाईले तरी मानवली का माही फुलं?" सोमीबाईने विचारलं आणि सगळे हसले.

ठरलं... जवळचे मोह कुणा ना कुणाचे, म्हणून लांबच्या जंगलात जाऊन मी तीन टोपल्या वेचून द्यायच्या. दसरू मात्र हसला नाही. खाली मान घालून निघून गेला. सगळ्यांदेखत त्याला जे ऐकावं लागलं, ते माझ्या मनात कधीच नव्हतं, पण झालं माझ्यामुळेच... आणि त्याची भरपाई कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या पहाटे टोपली घेऊन निघतच होतो, तेवढ्यात दाराशी कुणी खाकरलं. दार उघडलं... समोर दसरू.

"कोनता मोह कोनाचा, ते तुले कुठी ठाऊक हाये? चाल, मी दाखवतो."