कुलूपबंद शेड

दुधनीच्या आडत बाजारात गुरुबसप्पा हमाल तुरीची पोती वाहायचे. एकदा ट्रकच्या फळीवरून पाय निसटला आणि कंबर कायमची गेली. आडत्याने सरळ हात झटकले. हा आमचा माणूसच नव्हे, असं तो चारचौघांत म्हणाला. त्यांची शाळकरी मुलगी दानेश्वरी शेजारीच उभी होती. आडत्याच्या बोलण्यापेक्षा वडील गप्प राहिले, हे तिला जास्त लागलं.

आई काशम्मा मग सगळ्यांना घेऊन सोलापुरात आली आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली. सुट्टीत दानेश्वरीही तिथं काज-बटणं करायची. घरात कानडी, शेजारात तेलुगू, शाळेत मराठी, शिलाईच्या हॉलात दखनी उर्दू. चारही भाषा तिच्या तोंडी बसल्या. वकिलीची सनद मिळाल्यावर मात्र ती मालकांचे खटले लढवणाऱ्या एका बड्या वकिलांकडे कामाला राहिली. नातलगांनी नावं ठेवली, पण तिने मनावर घेतलं नाही. कामगाराला कसं वाऱ्यावर सोडतात, हे तिला आतून बघायचं होतं. बघून झालं, तशी ती तिथून बाहेर पडली आणि कोर्टाजवळ एका जिन्याखालच्या खोलीत तिने स्वतःची वकिली सुरू केली.

थोड्याच दिवसांत अजीजा आली. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात ती शिलाईला होती. बायका मधेच बाहेर जातात म्हणून मालक कामाची पाळी चालू असताना शेडला बाहेरून कुलूप घालायचा. कुलूप काढा, एवढंच अजीजा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच अडवलं. कोर्टात मालकाने सांगितलं की बाई आपणहून काम सोडून गेली आणि कुलूप तर कधी घातलंच नाही. सोबतच्या बायका भीतीने साक्षीला येईनात.

मालकाच्या बाजूने सुपरवायझर संगमेश साक्षीला उभा राहिला आणि पढवलेलं सगळं घडाघडा बोलला. दानेश्वरी उलटतपासणीला उठली. तिने कुलपाचं नावही काढलं नाही. उन्हाळ्यात शेडमध्ये मीटरच्या डब्याने पेट घेतला होता, त्या दिवसाचा विषय काढला. धूर किती होता, बायका कुठं होत्या, असं विचारत विचारत शेवटी म्हणाली, "तुम्ही होता म्हणून त्या दिवशी बायका वाचल्या, असं सांगतात. खरं आहे?"

"व्हय. मीच पळत जाऊन कुलूप काढलं की."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. त्याला शब्द फिरवता आला असता. पण त्याने मालकाकडे न बघता तेच परत सांगितलं.

सेवेत खंड न धरता अजीजाला कामावर घ्या, असा निकाल लागला. शेडचं कुलूपही निघालं. पण मालकाने संगमेशला घरी बसवलं. तो दानेश्वरीकडे आला तो दारातच घुटमळला. सुपरवायझरला कामगार कायदा लागू नाही, असं मालकाने त्याला बजावलं होतं. तिने त्याला बसवून दिवसभराचं काम विचारलं. मशिनी दुरुस्त करणं, गठ्ठे उचलणं, माणूस कमी पडला तर स्वतः मशिनीवर बसणं. रजा देण्याचा अधिकारसुद्धा त्याला नव्हता.

"मग तुम्ही कामगारच," ती म्हणाली. "कायदा काम बघतो, हुद्दा नाही."

साक्षीला कोण येणार, हा प्रश्न होता. दानेश्वरीने अजीजाला बोलावून घेतलं आणि नको वाटलं तर तसं मोकळेपणी सांगायला सांगितलं.

"आखिर में सच बोले ना उनो," अजीजा म्हणाली. "मैं आतूं गवाही कू."

तारखेला ती एकटी आली नाही. पहिल्या वेळी घाबरलेल्या बायकाही पाठोपाठ येऊन बाकावर बसल्या. ती रांग बघून मालकाच्या वकिलांनी व्हरांड्यातच तडजोडीचं बोलणं काढलं. हे दानेश्वरीचे जुने वरिष्ठच. नमस्कार करून तिने शांतपणे सांगितलं की तडजोड होईल, पण न्यायाधीशांसमोर, आणि संगमेशला जुन्या जागेवर घेऊन. दुपारनंतर तसंच झालं.

संगमेश समाधानाने घरी गेला. बायकांपैकी दोघी मात्र दानेश्वरीच्या मागोमाग जिन्याखालच्या खोलीपर्यंत आल्या. त्यांनाही काही विचारायचं होतं.